संसाराची टिपणवही : जपानच्या घरगुती मासिकांची कथा



१९६९ साली टोकियोतल्या एका नियतकालिकाच्या मंडळींनी पावाचे ४३,०८८ काप भाजले. खाण्यासाठी नव्हे, तर बाजारात विकायला आलेली पाव भाजण्याची विजेची यंत्रे खरोखर किती टिकतात, ती पाव दोन्ही बाजूंनी सारखा भाजतात की एक बाजू करपवतात, हे पाहण्यासाठी. भाजलेल्या कापांचा डोंगर रचून त्याचे छायाचित्रही त्यांनी छापले. याच मंडळींनी मुलांची ढकलगाडी शंभर किलोमीटर चालवून पाहिली आणि तिची चाके कुठे डगमगतात, कुठे मोडतात, ते लिहून काढले.

तुम्ही म्हणाल, हा काय वेडेपणा! मासिकाने कथा छापाव्यात, कविता छापाव्यात, फार तर एखादी पाककृती छापावी. पाव भाजत बसण्याचे त्याला काय कारण? त्याचेच उत्तर आज आपण शोधू. जपानमध्ये घरसंसारावरच्या मासिकांची एक मोठी, काहीशी विक्षिप्त दुनिया आहे. पण त्या विक्षिप्तपणाच्या मुळाशी एक गंभीर प्रश्न आहे : छापील कागदावर घराने विश्वास ठेवावा की नाही, आणि ठेवायचा तर कशाच्या जोरावर?

आरंभ शाळेपासून करावा लागेल. १८७२ साली जपान सरकारने शिक्षणाचा कायदा केला. सुरुवातीला शेतकऱ्यांची कुरकुर झाली. पोर शाळेत गेले तर शेतावर कोण येणार, हा प्रश्न आपल्यालाही ओळखीचा आहे. तरी पण विसावे शतक उजाडताना सरकारी नोंदीप्रमाणे शंभरातली नव्वद मुले शाळेत जाऊ लागली होती, आणि त्यांत मुलीही होत्या. या मुली मोठ्या झाल्या, त्यांची लग्ने झाली. वाचता तर येते, पण वाचायचे काय? या रिकाम्या जागेत घरगुती मासिक जन्माला आले.

या कथेतले पहिले मोठे नाव हानी मोतोको यांचे. उत्तर जपानात आओमोरी प्रांतातल्या हाचिनोहे गावी १८७३ साली त्यांचा जन्म झाला. टोकियोला येऊन त्या 'होची' वृत्तपत्रात मुद्रिते तपासण्याच्या कामावर लागल्या आणि तिथून स्वतःच्या हिमतीवर बातमीदार झाल्या. जपानमधली पहिली स्त्री-बातमीदार म्हणून त्यांचे नाव घेतात. १९०३ च्या एप्रिलमध्ये त्यांनी पती योशिकाझू यांच्यासह 'कातेई नो तोमो', म्हणजे 'घराचा मित्र', हे मासिक काढले. त्याच सुमारास त्यांची थोरली मुलगीही जन्मली. १९०८ पासून हे मासिक 'फुजिन नो तोमो', म्हणजे 'स्त्रियांचा मित्र', या नावाने निघू लागले आणि ते आजही निघते.

मोतोकोबाईंची खरी करामत १९०४ सालची. त्यांनी घरच्या जमाखर्चाची एक छापील वही काढली. जपानीत तिला 'काकेइबो' म्हणतात. आता जमाखर्चाची वही कोणाकडे नसते? वाण्याकडे असते, सावकाराकडे असते. पण त्या वहीत झालेला खर्च लिहितात, तर मोतोकोबाईंच्या वहीत खर्च होण्याआधी लिहावे लागे. वर्षाच्या आरंभी घराचे अंदाजपत्रक मांडायचे, प्रत्येक सदराला रक्कम ठरवून द्यायची आणि मग रोज पाहायचे, की आपण त्या रकमेच्या आत आहोत की बाहेर. जेवणाचा खर्चसुद्धा एका ओळीत उरकायचा नाही. मुख्य धान्य वेगळे, तोंडी लावणे वेगळे आणि मीठ-मसाला वेगळा. सरकारचा अर्थमंत्री जे देशासाठी करतो, ते बाईने चुलीपाशी बसून घरासाठी करावे, असा त्यातला विचार. ज्या समाजात बाईच्या हाती पैसा पडला तरी त्याचा हिशेब दुसराच विचारी, तिथे ही साधी वही मोठी गोष्ट होती. ती वही दर वर्षी आजही छापली जाते.

१९१७ साली इशिकावा ताकेयोशी या गृहस्थांनी 'शुफु नो तोमो', म्हणजे 'गृहिणीचा मित्र', हे मासिक सुरू केले. 'शुफु' म्हणजे घर चालवणारी बाई. सुशिक्षित विदुषींसाठी मासिके निघत होतीच. इशिकावांनी बेताच्या कमाईत घर चालवणाऱ्या बाईकडे पाहिले. तुटपुंज्या पगारात शिल्लक कशी टाकावी, बाळाला ताप आला तर काय करावे, जुने वस्त्र उसवून नवे कसे शिवावे, सासूशी कसे जमवावे, असे विषय. आणि हे सारे सांगायला पंडितच हवेत असे नाही. वाचक बायकांनीच आपले अनुभव लिहून पाठवायचे. एका गावच्या बाईचा अनुभव दुसऱ्या गावच्या बाईला कळू लागला. पाणवठ्यावरच्या गप्पांना जणू छापखाना मिळाला.

लवकरच या मासिकांत एक चढाओढ लागली, ती 'फुरोकु'ची. फुरोकु म्हणजे अंकाबरोबर मिळणारी जोड-पुस्तिका किंवा जोड-वस्तू. नववर्षाच्या अंकाबरोबर हिशेबाची वही, शिवणाचे नमुने, पाकपुस्तिका, भिंतीवर लावायची चित्रे, असे एकावर एक. अंक बारीक आणि फुरोकु जाड, अशी गंमत होऊ लागली. १९३० च्या दशकात 'शुफु नो तोमो'चा नववर्षाचा अंक दहा लाखांवर गेला. मुलांच्या मासिकांनीही हे उचलले. 'शोनेन कुराबु' या मासिकाबरोबर कागद कापून, चिकटवून उभी करायची आगबोटीची प्रतिकृती येई, आणि पोरे महिनाभर डोळे लावून बसत.

आता खेड्याकडे वळू. तुम्हा ग्रामीण श्रोत्यांना यातला सर्वांत जवळचा भाग हाच वाटेल. १९२५ साली जपानच्या सहकारी संस्थांच्या मध्यवर्ती संघाने एक मासिक काढले. नाव 'इए नो हिकारी', म्हणजे 'घरचा उजेड'. शहरी मासिक खेड्यात पोचत नसे. पोचले तर परवडत नसे आणि परवडले तरी त्यातले पदार्थ, कपडे, घरे यांतले काहीच आपले वाटत नसे. म्हणून सहकारी संस्थांनी ठरवले, की शेतकऱ्याचे मासिक आपणच काढू आणि आपल्याच सोसायट्यांमार्फत घरोघर पोचवू. एका घरात एक अंक, पण तो आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांसाठी. त्यात कुक्कुटपालन असे, खत असे, भाजी खारवून टिकवण्याच्या रीती असत, लहान मुलांची गोष्ट असे आणि कादंबरीही असे.

शिक्षक बंधुभगिनींसाठी एक बारकावा सांगतो. जपानी लिपीत हजारो चित्राक्षरे आहेत. ती सगळी शिकायला वर्षे लागतात, आणि चार-सहा इयत्ता शिकून शेतावर गेलेल्या माणसाला ती येत नाहीत. यावर अशा लोकप्रिय मासिकांनी उपाय काढला. प्रत्येक अवघड अक्षराच्या बाजूला त्याचा उच्चार लहान टाइपात, सोप्या अक्षरांत छापायचा. त्यामुळे थोडे शिकलेल्यालाही सगळा अंक वाचता येई, आणि वाचता वाचता अवघड अक्षरे आपोआप ओळखीची होत. सोपेपणासाठी मजकूर पातळ न करता वाचकाच्या हाताला धरून वर न्यायचे, ही युक्ती शिकवणाऱ्याने लक्षात ठेवावी अशी आहे.

'इए नो हिकारी'ही १९३० च्या दशकात दहा लाखांच्या पलीकडे गेले. १९३४-३५ मध्ये त्यात कागावा तोयोहिको यांची कादंबरी क्रमशः आली. दूध आणि मध वाहणाऱ्या गावाची ती कथा सहकारावर बेतलेली होती. कागावा हे ख्रिस्ती धर्मोपदेशक, गोरगरिबांच्या वस्तीत राहून काम केलेले आणि सहकारी चळवळीचे पुढारी. १९३९ च्या जानेवारीत ते हिंदुस्थानात आले असताना गांधीजींना भेटले होते. तेव्हा जपानने चीनवर युद्ध लादले होते. जपानी जनतेला या युद्धाविषयी काय वाटते, असे गांधीजींनी त्यांना विचारले. सरकारी मताशी आपले मत जुळत नाही, अशा आशयाचे उत्तर कागावांनी दिले.

गांधीजींचा तो प्रश्न आपणही या मासिकांना विचारायला हवा. युद्धाच्या काळात ही 'मित्र' म्हणवणारी मासिके काय करीत होती? उत्तर दुःखद आहे. कागद सरकारच्या ताब्यात होता. ज्याला कागद हवा, त्याने सरकारला हवे ते छापायचे. जी पाने काल पोराच्या खोकल्यावर औषध सांगत होती, तीच पोराला रणांगणावर हसतमुखाने धाडायला सांगू लागली. काटकसरीचा धडा होताच, आता ती काटकसर तोफांसाठी झाली. १९४४ च्या अखेरीस 'शुफु नो तोमो'च्या अंकात तर शत्रूला जिवंत सोडू नका अशी घोषवाक्ये पानोपानी छापली होती. चुलीपाशी बसून वीस-पंचवीस वर्षे मिळवलेला विश्वास असा वापरला गेला. घरच्या बाईला ते खोटे वाटण्याचे कारण नव्हते. सांगणारा जुना ओळखीचाच होता ना!

१९४५ च्या ऑगस्टमध्ये जपान हरला. शहरे जळून गेली होती, धान्य नव्हते, अंगावर धड वस्त्र नव्हते. या राखेतून, ज्यांनी पाव भाजला, ते नियतकालिक उभे राहिले.

ओहाशी शिझुको ही पंचविशीतली तरुणी. तीन बहिणींत थोरली. वडील लहानपणीच गेलेले, घराचा भार अंगावर. आई आणि बहिणी सुखात राहाव्यात म्हणून स्वतःचा काहीतरी उद्योग करावा, असे त्यांच्या मनाने घेतले. युद्धकाळात आपण काही शिकलो नाही, आपल्या वयाच्या मुलींना काहीच ठाऊक नाही, तर त्यांना उपयोगी पडेल असे काही छापावे, ही त्यांची कल्पना. त्यांनी सल्ला विचारला तो हानामोरी यासुजी या कसलेल्या संपादकाला. हानामोरींचा जन्म १९११ चा. युद्धात ते सैनिक म्हणून मांचुरियात गेले, क्षयाने आजारी पडून परतले आणि मग सरकारच्या युद्ध-प्रचार संघटनेत जाहिरातीचे काम करू लागले. लोकांना युद्धाकडे वळवणारे शब्द आणि चित्रे तयार करणे हेच त्यांचे काम होते.

हानामोरी ओहाशीबाईंच्या मदतीला उभे राहिले. त्यांनी सांगितले त्याचा भावार्थ असा : लोक युद्धाला तयार झाले, कारण आपल्या रोजच्या जगण्याला जपावे इतके मोल आहे, असे कोणाला वाटलेच नाही. ज्याला आपली चूल, आपले अंगण, आपले ताट प्राणापलीकडे प्रिय आहे, तो ते आगीत टाकायला सहजी राजी होणार नाही. तेव्हा असे नियतकालिक काढू, की लोक आपल्या जगण्यावर प्रेम करू लागतील. आपल्या युद्धकाळातल्या कामाचा दोष हानामोरींनी पुढेही नाकारला नाही. त्या दोषाची फेड करण्याच्या ओढीने हे काम उभे राहिले, असे म्हटले तर चूक होणार नाही.

१९४८ च्या सप्टेंबरमध्ये पहिला अंक निघाला. पुढे त्याचे नाव 'कुराशी नो तेचो' असे झाले. 'संसाराची टिपणवही' असे त्याचे मराठी करता येईल. पहिल्या अंकाच्या दहा हजार प्रती छापल्या. कोणी विकायला घेईना, तेव्हा ओहाशीबाई आणि त्यांचे सहकारी पाठीवरच्या पिशवीत अंक भरून आगगाडीने गावोगावच्या पुस्तकांच्या दुकानांत गेले. अंकात काय होते? जुन्या किमोनोच्या कापडातून सरळ कापाचा, कोणालाही शिवता येईल असा पोशाख कसा करावा, हाताशी असलेल्या वस्तूंतून घर नीटनेटके कसे करावे, असे विषय. १९४९ साली पाचव्या अंकात तर सम्राटांच्या थोरल्या कन्येचा, हिगाशिकुनी शिगेको यांचा लेख आला. विषय : अपुऱ्या शिधापत्रिकेवर घर कसे चालवते! राजकन्येच्या घरीही धान्य पुरत नाही, हे वाचून लोक थक्क झाले. अंक हातोहात खपला आणि नियतकालिक तगले.

दोन गोष्टी मात्र मालकांनी ठरवून ठेवल्या. एक, दुसऱ्याची जाहिरात एकही घ्यायची नाही. दुसरी गोष्ट १९५४ पासूनची : बाजारातल्या मालाची परीक्षा करायची आणि ती कारखान्याचे नाव घेऊन छापायची. या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत. ज्याची जाहिरात छापली त्याच्या मालाला वाईट कसे म्हणणार? मीठ खाल्ले, की जीभ बांधली जाते. म्हणून मीठच खायचे नाही. परीक्षेचा माल कारखानदाराकडून फुकट न घेता ग्राहकासारखा दुकानातून विकत आणायचा, असाही नियम होता.

पहिली परीक्षा झाली ती पायमोज्यांची. बाजारातले नाना तऱ्हेचे मोजे आणून ते शाळकरी मुलींना रोज घालायला दिले आणि काही महिन्यांनी पाहिले, की कोणाचा रंग गेला, कोणाची टाच फाटली, कोणाचा आकार बिघडला. मग आगपेट्या, पेन्सिली, इस्त्र्या. १९६० साली थंडीत घर उबदार ठेवणाऱ्या रॉकेलच्या शेगड्यांची परीक्षा झाली. इंग्लंडची एक शेगडी उत्तम ठरली आणि जपानी शेगड्या नापास. कारखानदार चिडले असतील, पण कामाला लागले. दोन वर्षांनी परीक्षा पुन्हा झाली, तेव्हा जपानी माल पुष्कळ सुधारला होता. आज जगभर जपानी मालाचा जो लौकिक आहे, तो नुसत्या कारखान्यात घडला नाही. हिशेबाची वही घेऊन बसलेल्या आणि मोज्याची टाच तपासणाऱ्या गिऱ्हाइकाचाही त्यात वाटा आहे.

एक प्रसंग तर मोठा मासलेवाईक. रॉकेलची शेगडी पेटली तर काय करावे? जाड पांघरूण टाकावे, पाणी ओतू नये, असे अग्निशमन खात्याचे सांगणे. 'कुराशी नो तेचो'ने स्वतः शेगड्या पेटवून पाहिल्या आणि १९६८ च्या अंकात छापले, की बादलीभर पाणी एकदम ओतले तर आग विझते. सरकारी खाते म्हणे चूक, नियतकालिक म्हणे बरोबर. अखेर १९६८ च्या फेब्रुवारीत सरकारी संशोधन संस्थेत सर्वांसमक्ष प्रयोग झाला, आणि बादलीची सरशी झाली. एक इशारा मात्र देऊन ठेवतो. ही गोष्ट त्या वेळच्या त्या शेगड्यांची. आपल्या चुलीवर कढईतले तेल पेटले तर त्यावर पाणी ओतायचे नाही. भडका उडतो. प्रत्येक वस्तूचा धर्म वेगळा, म्हणूनच तर परीक्षा करायची.

त्याच वर्षी ऑगस्टचा संपूर्ण अंक एकाच विषयाला वाहिला : युद्धकाळातले रोजचे जगणे. सेनापतींच्या लढाया नव्हेत, तर काय खाल्ले, काय नेसलो, बाँब पडताना पोराला घेऊन कुठे पळालो, हे वाचकांनी स्वतः लिहिलेले. सतराशेहून अधिक लोकांनी लिहून पाठवले. त्यांतल्या कित्येकांनी जन्मात दुसरे काही लिहिले नसेल. साध्या माणसांनी लिहिलेला हा इतिहास पुढे पुस्तकरूपाने निघाला. इतिहासाचा अध्यापक या नात्याने मला तो एखाद्या बखरीइतकाच मोलाचा वाटतो. १९७२ साली हानामोरींना मॅगसेसे पारितोषिक मिळाले. हेच पारितोषिक १९५८ साली आपल्या विनोबाजींना मिळाले होते. हानामोरी १९७८ मध्ये वारले, ओहाशीबाई २०१३ मध्ये. नियतकालिक आजही निघते, आणि आजही त्यात दुसऱ्याची जाहिरात नसते.

१९७० नंतर देशात सुबत्ता आली आणि मासिकांचा रंगही पालटला. आता 'कसे पुरवावे' हा प्रश्न मागे पडून 'कसे मिरवावे' हा पुढे आला. १९७० साली 'आन आन' निघाले. हे नाव मॉस्कोच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका पांडाचे! १९७१ चे 'नोन नो' घ्या. उत्तरेतल्या आयनू लोकांच्या भाषेत त्याचा अर्थ फूल. १९७६ साली तरुण मुलग्यांसाठी 'पोपाय' आले, व्यंगचित्रातल्या त्या खलाश्याच्या नावाने. मग १९८० साली त्याचा प्रतिस्पर्धी 'ब्रूटस' आणि १९८२ साली त्याची प्रेयसी 'ऑलिव्ह', अशी सगळी पात्रेच मासिके होऊन बसली. 'आन आन' आणि 'नोन नो' हातात धरून तरुण मुली एकट्या-दुकट्या प्रवासाला निघू लागल्या. क्योतो, कुराशिकी, ताकायामा अशा जुन्या गावांत त्यांची रीघ लागली. एरवी बाईने एकटीने प्रवास करणे चमत्कारिक वाटे, ती रीत या अंकांनी रूढ केली. १९९० साली 'हानाको' या मासिकाने तिरामिसू नावाच्या इटालियन मिठाईवर लिहिले आणि टोकियोभर त्या मिठाईचे पीक आले.

विक्षिप्तपणालाही तोटा नव्हता. १९२५ पासून निघणारे आगगाडीचे वेळापत्रक मासिकासारखे दर महिन्याला विकले जाते, आणि घरबसल्या ते वाचून मनातल्या मनात प्रवास करणारे रसिक आहेत. १९९७ साली निघालेल्या 'फ्रूट्स' मासिकात हाराजुकु भागात रस्त्यावर दिसणाऱ्या तरुणांच्या चित्रविचित्र पोशाखांचीच छायाचित्रे असत. २०१७ साली ते बंद झाले. छायाचित्र घ्यावे असे तरुण आता दिसत नाहीत, असे संपादकांनी कारण दिले! फुरोकुचेही पुनरागमन झाले. अंकाबरोबर पिशवी मिळते, आणि गिऱ्हाईक पिशवीसाठी अंक घेते.

शिक्षकांना मात्र यांतली दोनच मासिके मी सुचवीन : 'गाक्केन' प्रकाशनाची 'कागाकु' म्हणजे विज्ञान आणि 'गाकुशू' म्हणजे अभ्यास. इयत्तावार निघणाऱ्या विज्ञानाच्या अंकाबरोबर प्रयोगाचे साहित्य येई. वाचायचे आणि लगेच हाताने करून पाहायचे. १९७९ साली दोन्हींचा मिळून खप सदुसष्ट लाखांवर पोचला होता. पुढे मुले कमी झाली, काळ बदलला, आणि २०१० पर्यंत दोन्ही बंद पडली. 'शुफु नो तोमो'ही २००८ साली थांबले. शेतकऱ्यांचा 'घरचा उजेड' मात्र अजून तेवतो आहे.

मित्रहो, आज आपल्या हातात छापील अंक कमी आणि फोनचा पडदा जास्त असतो. त्यावर दिवसभर कोणी ना कोणी सांगत असते : हे खत घाला, हे औषध घ्या, हे बियाणे आणा. सांगणारा 'मित्र' म्हणूनच येतो. अशा वेळी टोकियोच्या त्या मंडळींची आठवण ठेवावी. याने स्वतः करून पाहिले आहे का? याच्या सांगण्याचा पैसा कोण देतो? एवढे दोन प्रश्न विचारले तरी पुष्कळ फसवणूक टळेल. आणि शिक्षकांनी एखाद्या शनिवारी वर्गात बाजारातल्या चार तऱ्हेच्या पेन्सिली आणाव्यात. मुलांनी त्या सारख्या वापराव्यात, कोणती मोडते, कोणती टिकते, ते वहीत लिहावे. खर्च दहा-वीस रुपयांचा, पण कोणाच्या सांगण्यावर न विसंबता स्वतः पारखून घेण्याची जी सवय लागेल, ती जन्मभर पुरेल.